जागा तीनच

पियुषची मोटार पुलावर चढली आणि तिथेच थिजली. रस्ता हलेना, चाकं फिरेनात. खुर्चीत बसलेल्या गृहस्थांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि बाणाचं बटण खटाखट दाबून पाहिलं. मोटार ढिम्म. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या पियुषला राहवलं नाही. त्याने वाकून दोन बटणं दाबली, पडदा काळा झाला, आणि मोटार पुन्हा पहिल्यापासून धावू लागली.

"हात लावलास," मागून अरविंद सर म्हणाले.

"सर, बस एक सेकंद अटकली होती..."

"हात लावलास, पियुष. बाद."

सरांनी आवाज चढवला नाही, पण पियुषचा चेहरा एवढासा झाला. पलीकडच्या मशीनशी उभ्या असलेल्या संहिताने पाठीमागे बांधलेले हात आणखी घट्ट आवळले. पियुषसाठी वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्या आधी पोटातून एक लहर उठली ती निव्वळ आनंदाची होती. खोटं कशाला बोला? आता तिच्या वाटेत कोणी उरलं नव्हतं.

जेल रोडवरच्या त्या माडीवरच्या दुकानात पूर्वी मिलचं कापड मिळायचं. इंदुरातल्या मिलची धुराडी एकामागून एक थंड पडली तसं दुकानही बसलं, आणि ज्या फळ्यांवर मांजरपाटाचे आणि चादरींचे ताके रचलेले असत त्यांच्यासमोर आता अरविंद सरांचे कॉम्प्युटर मांडलेले होते. बाहेर पाटी, आत पंखे, दाराशी चपलांचा ढीग. आज क्लासचं प्रदर्शन होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने एक प्रोग्राम लिहायचा, येईल त्याला तो चालवू द्यायचा, आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं. वाचून दाखवा, समजावून सांगा, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. "परीक्षेला आई सोबत बसते का?" असं सर विचारत. ज्याचा प्रोग्राम दिवसभर आपल्या पायावर चालेल आणि लोकांना धरून ठेवेल, त्याला नव्या बॅचला शिकवायला सर ठेवून घेणार होते. जागा एक.

घरी सगळे त्याला नोकरी म्हणत. संहिताला नोकरीचं फारसं काही नव्हतं; तिला मशीन हवं होतं. गेलं वर्षभर ती एक दिवसाआड इथे येत होती, आणि मधल्या दिवशी पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं चालवत होती. कोर्स या महिन्यात संपत होता. त्यानंतर उरणार होता तो फक्त पुठ्ठा. या विचाराने तिला रात्री घाम फुटायचा.

तिच्या खेळात ना मोटार होती ना रंग. काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं, तीही इंग्रजी लिपीत लिहिलेली मराठी. सकाळची वेळ आहे, असं पडदा सांगायचा. तुम्ही मिलचे मुकादम आहात. गेटवर सहा बदली कामगार उभे आहेत. बदली म्हणजे ज्याचा स्वतःचा माग नाही असा माणूस. रोज गेटवर यायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर आल्या पावली घरी. आज जागा तीन आहेत. कोणाला काय विचाराल? कोणाला घ्याल?

गंमत होती ती बोलण्यात. प्रत्येक माणसाला विचारायला तीन-चार वाक्यं दिलेली असत. हवं ते निवडून त्याचा आकडा दाबायचा. दरडावून विचारलंत तर समोरचा मिटायचा. गोडीने विचारलंत तर घरचं सांगायचा. आणि थट्टा केलीत तर दुसऱ्या सकाळी गेटवर तो तुम्हाला नमस्कार करायचा नाही. सगळ्यांची सगळी उत्तरं संहिताने लिहिली होती. माणसांना नावं हवी होती, म्हणून ती गल्लीतूनच उचलली, कोणाला न विचारता. ती माणसं इथे येतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

सकाळी पहिल्यांदा लोक बिचकले. एकाला ते टेलिफोनचं बिल वाटलं. मग एक शाळेच्या बाई बसल्या आणि पडद्यावरच्या मारुतीशी त्यांचं चांगलंच वाजलं. "असं काय उलट बोलतो हा? मी तर सरळ विचारलं!" म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून खेळ मांडला, आणि त्यांच्या खुर्चीमागे गर्दी जमू लागली. बाकीच्यांचे प्रोग्राम व्याज काढत होते, पाढे म्हणत होते. इथे मात्र लोक भांडत होते, हसत होते, "त्याला घ्या, त्याची आई आजारी आहे ना!" म्हणून अनोळखी माणसाच्या खांद्यावरून सल्ले देत होते. अरविंद सर एकदा जवळून गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा थांबले. 

आणि तेवढ्यात जिन्यावर ओळखीचा खोकला ऐकू आला.

बाबा आले होते. पांडुरंग मुकादम. सरोजिनीने, म्हणजे आईने, इस्त्री केलेला सदरा घालून पाठवलेलं दिसत होतं. एकटे नव्हते, मागे गल्लीतले खरे मारुती, मोहन आणि आणखी तिघं, सगळे धुतल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखे. संहिताच्या पायाखालची जमीन सरकली. बाबा मिलमध्ये मागांच्या खात्याचे मुकादम होते. वीसेक वर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहून कोण आत, कोण घरी हे त्यांनीच ठरवलं. लहानपणी गेटवर ती माणसं हात जोडून उभी असलेली तिने पाहिली होती, आणि त्यांच्यासमोर दगडासारखे उभे बाबाही. पडद्यावरचा मुकादम तिने तिथूनच उचलला होता. त्याला दिलेली निम्मी वाक्यं ऐकून कोणाच्याही अंगावर काटा यावा अशी होती.

मिल बंद पडून दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबांच्या वाट्याला निवडायला काही उरलं नव्हतं. भाजीसुद्धा आईच पारखून आणायची.

"हेच का तुझं मशीन?" बाबांनी विचारलं. शाळेच्या बाईंनी उठून त्यांना खुर्ची दिली. "काय करायचं असतं यात?"

"बाबा, मी वाचते. तुम्ही आकडा दाबायचा." तिचा आवाज जरा चिरकला. "तुम्ही मुकादम आहात."

मागे एकच हशा पिकला. "क्या बात है!" मोहन म्हणाला. हा मोहन आता मानपुरच्या एका ढाब्यावर तंदूर सांभाळायचा. आज खास सुट्टी काढून आला होता. "मुकादमजी, नोकरी परत लागली तुमची!"

संहिताने वाचायला सुरुवात केली. गेट, सकाळ, सहा जण. "पहिला माणूस. मारुती."

"अरे! हा तर मी आहे नं!" मारुती आता सियागंजात पोती उतरवायचा, त्याने पुढे येऊन पडद्याला नाक लावलं. "कुठे आहे? काय घातलंय मी?"

"दिसत नाही काका, फक्त बोलता तुम्ही."

"मग बरोबर. मीच आहे."

बाबांपुढे तीन वाक्यं होती. एक, काल कुठे होतास? दोन, घरी सगळं ठीक? तीन, बाजूला हो. बाबांनी क्षणभरही विचार न करता एक दाबलं. आयुष्यभर तेच विचारलं होतं. संहिताने मारुतीचं उत्तर वाचलं:

"काल इथेच होतो. तुम्ही पाहिलं नाही."

"ओहोहो!" सगळे ओरडले. खरा मारुती तर टाळ्याच पिटू लागला. "अगदी बरोबर! अरे, हे तर मी मनात म्हणायचो, पोरीला कसं कळलं?"

बाबांनी मान वळवून मारुतीकडे पाहिलं. "मनात म्हणायचास?"

"सोडा नं, मुकादमजी. खेळ आहे."

पण बाबा रंगात आले होते. पाठ सरळ झाली, सदऱ्याची बाही वर गेली. पुढच्या माणसाला त्यांनी 'घरी सगळं ठीक?' विचारलं, उत्तर ऐकून 'हं' म्हणाले, त्याच्या पुढच्याला दरडावून पाहिलं आणि तो गप्प झाला तशी चुटपुट लागून "मागे जाता येतं का गं?" म्हणून विचारलं. येत नव्हतं. मोहनची पाळी आली तेव्हा त्यांनी चेष्टेने 'आज जागा नाही, घरी जा' दाबलं. पडद्यावरच्या मोहनने सांगितलं, "उभा राहतो."

"राहायचोच!" मोहन गर्दीला समजावू लागला. "भोंगा झाला तरी आम्ही गेटवर उभे. आत कोणाला ताप भरला, कोणाचं बोट कापलं, तर मुकादम बाहेर यायचे आणि जो उभा दिसेल त्याला घ्यायचे. मी किती वेळा असाच आत गेलोय."

शाळेच्या बाई, पान खाणारे गृहस्थ, पियुषसुद्धा, सगळे आता याच खुर्चीमागे होते. अरविंद सर चहाचा ग्लास घेऊन आपल्या केबिनच्या दारात उभे होते आणि चहा प्यायचं विसरले होते. आपण जिंकलो, संहिताला वाटलं. बाबांनी तीन आकडे दाबले की झालं.

"कोणाला घेता? जागा तीन," तिने वाचलं.

"मला घ्या, मुकादमजी, कचोरी खाऊ घालतो!"

"ए, रिश्वत नाही चालणार! मला घ्या, मी तुमच्या शेजारचा!"

बाबा हसत हसत एक दाबते झाले. मारुती आत गेला. मग चार. मोहन आत गेला, आणि खऱ्या मोहनने मारुतीला मिठी मारली. मग बाबांचं बोट वर उचललं गेलं ते तिथेच राहिलं.

एक जागा. पडद्यावर चार नावं. त्यातले तिघं खुर्चीमागे उभे होते. चौथा प्रतापराव, तो गेल्या वर्षी सुरतेला यंत्रमागावर गेला तो परतलाच नव्हता. मागचं हसणं आपोआप विरलं. तिघांपैकी एक हळूच म्हणाला, "त्याला घ्या, माझं काय, मी काल गेलो होतो." दुसरा म्हणाला, "नाही, त्याला घ्या." खेळच चालला होता. तरी कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

बाबांनी चारही आकडे एकदम दाबले.

"जागा तीनच आहेत. पुन्हा निवडा," संहिताने वाचलं.

त्यांनी पुन्हा चारही दाबले. पडद्याने पुन्हा तेच सांगितलं.

"सांग की याला."

"बाबा, ते ऐकत नाही."

"हं." बाबा पडद्याकडेच पाहत होते. "मी वर सांगायचो. आत चिठ्ठी पाठवायचो, साहेब, सहा आलेत, सहाही कामाचे आहेत, सहा घेतो. वरून हेच यायचं. जागा तीनच." मग, जरा थांबून, "इथे मुकादमाला वर सांगायचं बटण नाही दिलंस तू."

मारुतीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.  लहानपणी गेटवरून तिने जे पाहिलं होतं ते खरंच होतं, पण गेटच्या आतली बाजू तिथून दिसत नव्हती, आणि तेवढ्यावर तिने अख्खा माणूस लिहून टाकला होता. जागा तीन, हा हुकूम तर तिने स्वतःच दिला होता. एका ओळीत, काही विचार न करता, तीन आकडा बरा वाटला म्हणून.

ती ओळ बदलायला डास मारायला लागतो तेवढाच वेळ लागणार होता.

तिने केबिनच्या दाराकडे पाहिलं. सर पाहतच होते. नियम तिला पाठ होता. पुठ्ठ्याचा कीबोर्ड डोळ्यांसमोर आला, त्यावर कितीही बोटं आपटली तरी काही न उमटणारा. पाठीमागचे हात एकमेकांना सोडेनात. मग सुटले.

तिने बाबांच्या खांद्यावरून वाकून दोन बटणं एकदम दाबली. खेळ थांबला, पडद्यावर इंग्रजी शब्द उमटले.

"गेलं! बिगडलं!" कोणीतरी ओरडलं.

संहिताची बोटं चालत होती. जागा, बरोबर, सहा. आणि खाली एक इंग्रजी शब्द, पुढे चल अशा अर्थाचा. तिने एंटर दाबलं आणि श्वास सोडला.

"कोणाला घेता?" तिने वाचलं. हसू आवरत नव्हतं, डोळे भरून आले होते, दोन्ही एकदम. "जागा सहा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि एकेक आकडा असा दाबला जणू शिक्का मारत होते. दोन. आत गेला. तीन. आत गेला. पाच. ज्याचं नाव येई तो मागे ओरडे आणि बाकीचे त्याला धपाटे घालत. सहा, प्रतापराव, आत गेला. "सुरतवाला पण आत!" मोहन बेंबीच्या देठापासून ओरडला. शाळेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग मशीनमधून भोंगा वाजला, चिलटासारखा बारीक पीं आवाज, आणि पाचही जणांचे हात सवयीने खांद्यावरच्या नसलेल्या पंच्याकडे गेले. त्यावर ते इतके हसले की खालून पानवाला बघायला वर आला.

"असं करता येतं हे आधी नाही सांगितलंस!" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळलेला तिने दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"संहिता." सर जवळ आले होते. "हात लावलास."

"हो सर."

सर वळून केबिनमध्ये निघून गेले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

सांगितलं पियुषने. दुष्टाव्याने नाही, त्याचं स्वतःचं दुःख ताजं होतं. "काका, ती बाद झाली. हात लावला की आऊट, असा रूल आहे. नाहीतर टीचरची जागा तिलाच मिळून राहिली होती. पक्की."

 बाबा सावकाश उठले. "कशाला केलंस?"

"करता येत होतं," संहिता म्हणाली. 

"सरांकडे जागा किती?"

"एकच."

बाबांनी मान हलवली. ते केबिनकडे चार पावलं गेले आणि दारापाशी अडखळले. हाताचं काय करावं हे त्यांना कळेना. एक हात खिशात घातला, काढला, सदऱ्याची बाही खाली ओढली. आयुष्यात कोणाच्या दाराशी असं उभं राहायची वेळ आली नव्हती. मारुती मागोमाग गेला आणि कानाशी लागला, पण मारुतीचं कुजबुजणंही सगळ्या हॉलला ऐकू जाई.

"हात पुढे बांधा. असे. आणि नजर खाली नको. खाली बघणाऱ्याला तुम्ही कधी घेतलं नाही."

बाबांनी हात पुढे बांधले. "साहेब," ते म्हणाले. त्यांचा आवाज संहिताला ओळखू आला नाही. "पोरीला घ्या. कामाची आहे."

अरविंद सर वाईट माणूस नव्हते. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "काका, नियम सगळ्यांना सारखा. त्या पोरालाही मी सकाळी..."

"बरोबर आहे." बाबांनी लगेच मान्य केलं. "नियम बरोबर आहे, साहेब."

"मग?"

"काही नाही."

पण ते हलले नाहीत. दाराच्या चौकटीला न टेकता, वाट सोडून एका अंगाला उभे राहिले. मारुती त्यांच्या शेजारी उभा राहिला. मग मोहन आला, मग उरलेले तिघं. कोणी एकमेकांना खुणावलंसुद्धा नाही. कोण कोणाच्या शेजारी हेही जसं काही आधीच ठरलेलं होतं.

इकडे शाळेच्या बाईंनी रिकामी खुर्ची पटकावली होती आणि मशीनने दुसरी सकाळ सुरू केली होती. "वाच गं, वाच ना पुढे, मारुती आज नमस्कार करतो का बघू!" गर्दी पुन्हा खुर्चीभोवती दाटली. संहिता वाचू लागली. हात तिने पाठीमागे बांधले, आता गरज नव्हती तरी. मारुतीने नमस्कार केला. गर्दीत आनंदाची आरोळी उठली, आणि पियुष सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

केबिनमध्ये सरांनी दोनदा मान वर करून पाहिलं. एकदा दाराकडे, एकदा त्या आरोळीकडे. एक रजिस्टर उघडलं, मिटलं. शेवटी उठून बाहेर आले.

"काका, असे किती वेळ उभे राहणार?" त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची स्वतः ओढून आणली. "बसा तरी."

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, पण हात तसेच पुढे बांधलेले राहिले.

"नको, साहेब," ते म्हणाले. "बसलेल्याला कोण घेतं?"